वीजसाठा स्वस्त झाला म्हणजे नेमकं काय झालं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौर आणि पवन वीज साठवून ठेवण्याचा खर्च भारतात तीनच वर्षांत झपाट्याने उतरला. त्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे मुद्दा दुसरीकडे येऊन गेला आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरच्या इन्व्हर्टरबद्दल इथे फारसं काही नाही (एक अपवाद प्र. १४). विषय आहे तो उपकेंद्राला जोडलेल्या कंटेनरभर बॅटऱ्यांचा आणि डोंगरावरच्या तलावांचा.

१. बातमीत कधी मेगावॉट लिहितात, कधी मेगावॉट-तास. यातलं खरं कुठलं?

दोन्ही खरी, आणि दोन्ही लागतात. विहिरीवरच्या मोटारीचा एचपी वेगळा आणि गच्चीवरच्या टाकीत मावणारं पाणी वेगळं, तसंच हे आहे. मेगावॉट म्हणजे एका वेळी किती जोराने वीज देता येईल, आणि मेगावॉट-तास म्हणजे एकूण किती वीज साठते. ‘५०० मेगावॉट / १,००० मेगावॉट-तास’ असं लिहिलं असेल, तर तो संच पूर्ण जोराने चालवला की दोन तासांत रिकामा होईल. निम्म्या जोराने चालवला तर चार तास पुरेल.

१ मेगावॉट-तास म्हणजे १,००० युनिट. महिन्याला १५० युनिट वापरणारी २०० घरं दिवसभरात तेवढी वीज वापरतात. ज्या बातमीत यातला एकच आकडा असेल, ती बातमी अर्धीच समजा.

२. वीज साठवायची गरज आत्ताच का पडली? इतकी वर्षं तर चाललं होतं.

इतकी वर्षंही साठा होता. औष्णिक केंद्राबाहेरचा कोळशाचा ढीग हा साठाच, आणि कोयनेचा शिवसागर जलाशय हाही साठाच. कोयनेचे संच महाराष्ट्रात मुख्यतः मागणी चढते त्या तासांना चालवतात, कारण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच ठरवून दिलं आहे. ते जपून, हव्या त्या वेळी वापरायचं असतं.

सूर्याचं तसं नाही. दुपारी बाराला तो भरभरून देतो आणि संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे, पंखे, एसी आणि मिक्सर सुरू होतात तेव्हा, हात वर करतो. वीजजाळ्यात मात्र प्रत्येक क्षणी निर्मिती आणि मागणी समान राहावी लागते, नाहीतर ५० हर्ट्झची वारंवारता ढळते. सौर क्षमता थोडी होती तोवर बाकीची केंद्रं वर-खाली करून निभावलं. आता दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी ओढाताण होते.

वीज बाजारातले भाव पाहिले की हे लगेच दिसतं. तिथे दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून व्यवहार होतात. मे २०२५ मधल्या एका रविवारी तात्काळ बाजारात दुपारच्या काही भागांत भाव जवळजवळ शून्यावर आला. टंचाईच्या संध्याकाळी तोच भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. दुपारचा तो शून्य आणि संध्याकाळचे ते दहा यांच्यामधलं अंतर भरून काढणं, हे साठ्याचं काम.

३. किंमत नेमकी किती उतरली? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

कारण प्रत्येक जण वेगळ्या वस्तूची किंमत सांगत असतो. एक असते नुसत्या बॅटरी-पॅकची किंमत. दुसरी असते कंटेनर, इन्व्हर्टर, थंडावा यंत्रणा, आग विझवण्याची सोय असं सगळं धरून संचाची किंमत. तिसरी, भारतात सर्वात जास्त छापून येते ती, निविदेतला मासिक भाडेदर.

पॅकची किंमत जगभरात २०१० साली किलोवॉट-तासाला, म्हणजे १ युनिटच्या साठ्याला, १,००० डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरवर आली, आणि २०२५ मध्ये वीजजाळ्यासाठीच्या पॅकची किंमत ७० डॉलरपर्यंत. संपूर्ण संचाचा खर्च याच संस्थेने २०२४ साठी सरासरी १६५ डॉलर नोंदवला, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४० टक्के कमी.

भारतातला भाडेदर, म्हणजे संच वापरण्यासाठी वीज कंपनीने द्यायचं भाडं, पाहा. २०२२ मध्ये सौर ऊर्जा महामंडळाच्या, म्हणजे सेकीच्या, ५०० मेगावॉट / १,००० मेगावॉट-तासांच्या पहिल्या मोठ्या निविदेत दर आला १०.८३ लाख रुपये प्रति मेगावॉट प्रतिमहिना. मार्च २०२४ मध्ये गुजरातच्या निविदेत तो ४.४९ लाखांवर होता. २०२५ च्या पूर्वार्धात बऱ्याच राज्यांत दर २ ते २.५ लाखांच्या दरम्यान आले. यातल्या काहींना केंद्राचं अनुदान आहे, त्यामुळे दोन निविदांची तुलना करताना ते धरलंय की नाही हे आधी विचारा.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वात बोलका वाटतो तो अनुदानाचाच आकडा. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,००० मेगावॉट-तासांसाठी ३,७६० कोटींचा व्यवहार्यता तूट निधी मंजूर केला. भागाकार केला तर १ मेगावॉट-तासाला ९४ लाख होतात. पुढे किमती एवढ्या घसरल्या की तेवढ्याच पैशांत सुमारे १३,२०० मेगावॉट-तास बसवायचं ठरलं आणि मदत मेगावॉट-तासाला २७ लाखांवर आली. जून २०२५ च्या दुसऱ्या योजनेत ती १८ लाख आहे: ३०,००० मेगावॉट-तासांसाठी ५,४०० कोटी. सरकारचा हात आखडला असं समजू नका. खर्चच उतरला.

४. ‘२.२ लाख रुपये प्रति मेगावॉट प्रतिमहिना’ म्हणजे युनिटला किती पडलं?

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून सावकाश मांडतो.

२.२ लाख हे भाडं आहे. वापरा न वापरा, महावितरणसारख्या कंपनीला ते द्यायचंच, अट एवढीच की संच वापरायला तयार असला पाहिजे. दोन तासांचा १ मेगावॉटचा संच एकदा भरून रिकामा केला की २,००० युनिट मिळतात. रोज एकदा वापरला तर महिन्याला ६०,००० युनिट. २.२ लाखांना ६०,००० ने भागलं की युनिटला ३ रुपये ६७ पैसे. रोज दोनदा वापरला तर हेच १ रुपया ८३ पैसे.

हा झाला फक्त ठेवणावळीचा खर्च. आत भरायची वीज वेगळी घ्यावी लागते, आणि भरलेली सगळी परत मिळत नाही. निविदांमध्ये साधारण ८५ टक्के परतावा बंधनकारक असतो, म्हणजे १ युनिट बाहेर काढायला सुमारे १.१८ युनिट आत घालावे लागतात. दुपारची वीज अडीच रुपयांनी घेतली असेल तर भरणाचा खर्च २ रुपये ९४ पैसे. रोज एकदाच्या वापरात एकूण ६ रुपये ६१ पैसे. संध्याकाळी बाजारात १० रुपयांनी वीज घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता २०२२ चा १०.८३ लाखांचा दर याच गणितात घाला. नुसती ठेवणावळच १८ रुपये ५ पैसे. दोनदा वापर धरला तरी ९ रुपयांच्या वर. त्या काळात ‘बॅटरी परवडत नाही’ म्हणणारे अधिकारी चुकत नव्हते. आज कुणी तेच वाक्य म्हणत असेल तर त्याने हे गणित नव्याने केलेलं नाही.

एक सावधगिरी हवी. दुसऱ्या फेरीसाठी स्वस्त वीज मिळेलच असं नाही. दुपारी एकदा भरली, संध्याकाळी काढली, मग सकाळच्या मागणीसाठी मध्यरात्रीनंतर पुन्हा भरायची तर तेव्हा सूर्य नसतो. म्हणून १.८३ हा आकडा जाहिरातीत छान दिसला तरी हिशेब करताना मी एक फेरी पक्की आणि दुसरी मिळाली तर मिळाली असं धरतो.

५. एवढी स्वस्ताई कशामुळे आली? चीनने माल खपवायला काढलाय म्हणून?

तेही एक कारण आहे, पण अनेकांतलं एक. विजेवरच्या गाड्यांसाठी चीनमध्ये कारखाने उभे राहिले ते मागणीच्या कितीतरी पुढे. त्यामुळे कंपन्यांना नफा सोडून माल विकावा लागला. या बॅटऱ्यांचा कच्चा माल असलेलं लिथियम कार्बोनेट २०२२ अखेरीस टनाला ६ लाख युआनच्या घरात होतं, ते २०२५ च्या मध्यावर त्याच्या दहाव्या हिश्शावर आलं.

बाकीची कारणं टिकाऊ आहेत. वीजजाळ्यासाठी आता जवळपास सगळीकडे लिथियम-आयर्न-फॉस्फेट रसायन वापरतात. त्यात निकेल आणि कोबाल्ट हे महागडे धातू लागत नाहीत. वजन थोडं जास्त असतं, पण जमिनीवर ठेवलेल्या कंटेनरला वजनाची काय फिकीर? बॅटरीतले सेलही मोठे झाले. वीस फुटी कंटेनरमध्ये आता सुमारे ५ मेगावॉट-तास मावतात, म्हणून तेवढ्याच साठ्याला जागा, पाया, केबल आणि मजुरी कमी लागते.

कच्च्या मालाचे भाव पुन्हा चढू शकतात. रसायनातला आणि मांडणीतला फायदा मात्र मागे जात नाही.

६. मग माझं बिल का कमी होत नाही?

कारण बिलात आज जी वीज आहे ती बहुतांशी जुन्या, दीर्घ मुदतीच्या करारांची आहे. साठवलेली वीज त्यात अजून मिठाएवढीही नाही. शिवाय बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतं. बॅटरी स्वस्त झाल्याने यातला एकही आपोआप उतरत नाही.

परिणाम दिसेल तो आधी दर न वाढण्यात. संध्याकाळची महागडी खरेदी टळली की इंधन समायोजनाचा भार कमी पडतो. पण ही बचत ग्राहकापर्यंत पोचते का, हे वीज नियामक आयोगापुढच्या दरनिश्चितीत ठरतं. त्या जाहीर सुनावण्यांना सामान्य ग्राहकालाही लेखी हरकत देता येते आणि बोलता येतं. माझी कळकळीची विनंती आहे की ग्राहक पंचायतींनी आणि गृहसंस्थांनी तिथे हाच प्रश्न विचारावा: साठ्यामुळे संध्याकाळची खरेदी किती वाचली आणि ती दरात कुठे दिसते?

एक गोष्ट आजही हातात आहे. जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत लागू झाली. गीझर, वॉशिंग मशीन, सोसायटीचा पाण्याचा पंप दुपारी चालवला तर तोही एक प्रकारे साठाच. टाकीत चढवलेलं पाणी ही साठवलेली वीजच आहे, आणि तिला बॅटरीचं भाडं नाही.

७. दोनच तासांच्या बॅटऱ्या का? रात्रभर पुरणारी का नाही घेत?

कारण सर्वात महाग तास दोन-चारच असतात. पहिल्या दोन तासांचा साठा रोज कामाला येतो. आठव्या तासाचा साठा कधीतरीच. क्वचित वापरल्या जाणाऱ्या तासांचा खर्च प्रत्येक युनिटवर जास्त बसतो (भागाकार प्र. ४ मध्ये आहे). किंमत उतरेल तसे तास वाढतात. कॅलिफोर्नियात चार तासांचे संच आता नेहमीचे झाले आहेत. तिथे एप्रिल २०२४ मध्ये एका संध्याकाळी काही काळ बॅटऱ्या हाच वीजपुरवठ्याचा सर्वात मोठा स्रोत होता. सहा-आठ तासांची गरज असेल तिथे अजून पाण्याचा पर्याय तगडा आहे. तो पुढच्या प्रश्नात.

८. उदंचन प्रकल्प म्हणजे काय? आणि बॅटरी इतकी स्वस्त झाली तर ते हवेत कशाला?

उदंचन म्हणजे खालचं पाणी वर चढवणं. दोन तलाव, एक डोंगरावर, एक पायथ्याला. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, महाग असताना खाली सोडून त्यावर जनित्र फिरवायचं. महाराष्ट्रात हे नवीन नाही. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरला वरचा तलाव आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा, असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं धरण देशात पहिल्यांदा बांधलं गेलं ते तिथेच. रायगडमध्ये भिरा इथे टाटा पॉवरचा १५० मेगावॉटचा उदंचन संच आहे.

पाण्यात किती वीज मावते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. १,००० लिटर पाणी ४०० मीटर उंचावर असेल, म्हणजे साधारण घाटघरएवढ्या उंचीवर, तर त्यातून मिळते जेमतेम १ युनिट वीज. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा युनिट. २५० मेगावॉटचा प्रकल्प एक तास चालवायला २५ कोटी लिटर पाणी खाली यावं लागतं. सह्याद्रीच्या कड्यांना एवढी मागणी का आहे ते यातून कळेल. अशी सरळ उंची देशात फार थोड्या ठिकाणी मिळते.

आता तुलना. उदंचनात घातलेल्यापैकी ७५ ते ८० टक्के वीज परत मिळते, बॅटरीत ८५ किंवा थोडी वर. उदंचन बांधायला पाच-सात वर्षं लागतात, भूगर्भ कसा निघेल ते आधी सांगता येत नाही. बॅटरीचे कंटेनर दीड-दोन वर्षांत लागतात. उलट बाजूने, धरण आणि बोगदे ४०-५० वर्षं आरामात चालतात, आणि सहा-आठ तासांची सोय करायची तर फक्त तलाव मोठा करायचा असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय आराखड्यात २०३१-३२ साठी दोन्ही धरलेत: उदंचन सुमारे २६.७ गिगावॉट आणि बॅटरी ४७.२ गिगावॉट (१ गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट).

तो आराखडा २०२३ चा आहे, बॅटरीचा दर निम्म्याहून खाली येण्याच्या आधीचा. त्यामुळे आज उदंचनाच्या प्रत्येक नव्या प्रस्तावाला पुन्हा एकदा विचारायला हवं, की हे काम बॅटरीने होणार नाही का? राज्यात हजारो मेगावॉटचे सामंजस्य करार झाले आहेत. २०२३ मध्ये टाटा पॉवरने एकट्या शिरवटा आणि भिवपुरी इथे मिळून २,८०० मेगावॉटचा केला. माझं मत असं की दोन-चार तासांसाठी डोंगर पोखरण्याचे दिवस संपले. आठ तासांच्या गरजेसाठी अजून संपलेले नाहीत.

९. उदंचनाने धरणातलं पाणी संपतं का? गावाला मिळणार नाही अशी भीती आहे.

एकदा तलाव भरला की तेच पाणी वर-खाली फिरतं. पुढे भर घालावी लागते ती बाष्पीभवन आणि गळतीपुरती. पण पहिला भरणा कुठून होणार आणि खालचा तलाव जर पिण्याच्या किंवा सिंचनाच्या धरणाचाच असेल तर उन्हाळ्यात पाण्याची पातळी कुणाच्या हुकमाने राहणार, हे लिखित असलं पाहिजे. खरं नुकसान पाण्यापेक्षा जमिनीचं आणि जंगलाचं असतं. ज्या मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजकेंद्र (प्र. ८) चालतं, त्याच्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. शंभर वर्षांनंतर त्याच डोंगररांगेत नवे प्रकल्प आखताना ग्रामसभेची परवानगी हा कागदी सोपस्कार ठरू नये.

१०. बॅटऱ्यांना आग लागते. आमच्या गावाशेजारी उपकेंद्रात बसवणार आहेत, घाबरावं का?

घाबरण्यापेक्षा विचारणा करावी. आगी लागल्या आहेत हे खरं. दक्षिण कोरियात २०१७ ते २०१९ या काळात वीसहून अधिक साठा प्रकल्प पेटले. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मोठी आग लागून हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली.

मॉस लँडिंगला बॅटऱ्या एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत एकत्र रचल्या होत्या आणि त्या निकेल असलेल्या रसायनाच्या होत्या. एक पेटली तशा शेजारच्या पेटत गेल्या. आता बसवतात त्या आयर्न-फॉस्फेटच्या, उघड्यावर, एकमेकांपासून अंतर ठेवलेल्या कंटेनरमध्ये. हे रसायन तापून अनावर व्हायला जास्त तापमान लागतं आणि पेटलं तरी आग सहसा एका कंटेनरपुरती राहते. धोका शून्य होत नाही. अशा आगीतून विषारी वायू निघतो, पाण्याने ती लगेच विझत नाही, अनेकदा शेजारचे कंटेनर गार ठेवून ती जळून जाऊ द्यावी लागते.

ग्रामपंचायतीने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कंटेनरमधलं आणि वस्तीपासूनचं अंतर, आग पसरण्याच्या चाचणीचा अहवाल, आणि जवळच्या अग्निशमन दलाला दिलेलं प्रशिक्षण. तिसरी गोष्ट नेमकी राहून जाते.

११. बारा वर्षांनी या बॅटऱ्यांचं काय होणार?

त्या एकदम मरत नाहीत. दरवर्षी क्षमता साधारण दोन-अडीच टक्क्यांनी उतरते. करार बहुधा १२ किंवा १५ वर्षांचे असतात आणि ठरलेली क्षमता देण्याची जबाबदारी कंपनीची असते. म्हणून ती सुरुवातीला थोड्या जास्त बॅटऱ्या लावते किंवा मध्ये भर घालते. मुदतीनंतरचा निपटारा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, म्हणजे बनवणाऱ्याच्या किंवा आयात करणाऱ्याच्या खर्चाने व्हायला हवा.

१२. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं. तेव्हा बॅटरी काय कामाची?

मे महिन्यातलं ऊन जुलैसाठी ठेवायला बॅटरी उपयोगाची नाही, आणि किंमत आणखी निम्मी झाली तरी होणार नाही. प्र. ४ मधला भागाकार आठवा. तिथे भाडं महिन्याच्या तीस वापरांवर विभागलं होतं. वर्षातून एकदाच वापरायचं तर सगळा खर्च त्या एका वापरावर बसेल.

निसर्गाने इथे थोडी साथ दिली आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या आणि धुळ्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या नेमक्या पावसाळ्यातच जोरात फिरतात. शेतीपंपांची मागणीही तेव्हा उतरते. पवन आणि सौर दोन्ही असतील तर लागणारा साठा कमी होतो. पण पाऊस उघडला, वारा पडला आणि ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला की त्या पंधरवड्यांना अजून बराच काळ कोळसा लागेल, हे मान्य करायला हवं.

१३. साठा स्वस्त झाला, तर शेतीला रात्रीची वीज तरी नीट मिळेल का?

शेतकऱ्याला रात्रीची वीज मुळात नकोच आहे. थंडीत, अंधारात, विंचू-काट्याची आणि बिबट्याची भीती मनात घेऊन पिकाला पाणी द्यायची बारी धरायला जाणं हा नाइलाज होता, कारण उरलेली वीज रात्रीच होती. आता उरलेली वीज दुपारी आहे. म्हणून शेतीसाठी सर्वात स्वस्त ‘साठा’ म्हणजे फीडरच (शेतीपंपांची वीजवाहिनी) दिवसा चालवणं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट त्यासाठीच आहे. त्यातला ३ मेगावॉटचा पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला.

मोटार दिवसा चालली तर बॅटरीचा खर्चही नाही आणि येण्याजाण्यातली पंधरा टक्के गळतीही नाही. बॅटरी लागेल ती त्याच गावातल्या संध्याकाळच्या घरगुती विजेसाठी.

१४. छतावर सोलर आहे. बॅटरी घ्यावी का?

नेट मीटरिंग असेल आणि वीज फारशी जात नसेल तर नाही. दुपारी दिलेली वीज रात्री वजा होते, म्हणजे वीजजाळंच तुमची बॅटरी झालेलं आहे, तेही फुकट. वीज वारंवार जात असेल, किंवा तुमचा हिशेब वेळेनुसार वेगवेगळा होत असेल, तर गणित बदलतं. आणि वर दिलेले लाखांतले दर घरच्या बॅटरीला लावू नका. छोट्या बॅटरीला दुकानदाराचा नफा, बसवणूक आणि कर धरून युनिटमागे कितीतरी जास्त पडतं.

१५. बॅटरी कोळशाच्या विजेवर भरली तर ती हरित कशी?

नाहीच. बॅटरीला विजेचा रंग कळत नाही. कोळशाची वीज भरून काढली तर पंधरा टक्के गळतीमुळे कोळसा उलट जास्तच जळतो. म्हणून वीज कंपन्यांवर घातलेल्या साठा-बंधनात (२०२९-३० पर्यंत वीजवापराच्या ४ टक्के) साठा मोजला जातो तो वर्षभरात भरलेल्या विजेपैकी किमान ८५ टक्के नवीकरणीय असेल तरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांचा साठा जागेवरच असावा असं सुचवलं. भरण सौर विजेचंच होण्याची शक्यता त्यात वाढते.

अपवाद एक. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये बसवलेल्या १०० मेगावॉटच्या बॅटरीने नाव कमावलं ते वारंवारता क्षणार्धात सावरण्याच्या कामात. त्या कामात वीज कुठून भरली यापेक्षा ती किती चटकन मिळाली याला मोल आहे.

१६. इतक्या कमी बोलीत प्रकल्प खरंच उभे राहतील का?

सगळे नाही. हे मी नाराजीने लिहितो आहे, कारण दर उतरल्याच्या बातम्यांत हा भाग गाळला जातो. २०२५ च्या मध्यापर्यंत निविदा निघाल्या होत्या हजारो मेगावॉट-तासांच्या, पण देशात प्रत्यक्ष चालू असलेला बॅटरीसाठा शेकड्यांतच होता. छत्तीसगडमधल्या राजनांदगावचा ४० मेगावॉट / १२० मेगावॉट-तासांचा संच हा त्यातला मोठा.

काही कंपन्या आजच्या नव्हे, दीड वर्षानंतरच्या भावावर बोली लावतात. तोवर भाव उतरला तर फायदा, चढला तर टाळाटाळ. म्हणून बोलीचा दर पाहताना अनुभवाची अट काय होती, बँक हमी किती होती आणि उशिराला दंड किती, हेही पाहावं. सौर आणि साठा एकत्र घेतलेल्या निविदांतही हेच. मध्य प्रदेशात मुरैनाला २०२५ मध्ये संध्याकाळच्या हमीसह २ रुपये ७० पैसे दर आला. तो खरा मानायचा तो संच सुरू झाल्यावर.

१७. लिथियम तर काश्मीरमध्ये सापडलं ना? मग चीनवर का अवलंबून राहायचं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा जो आकडा जाहीर झाला, तो प्राथमिक अंदाजातल्या खनिजाचा आहे. शुद्ध लिथियमचा नव्हे. त्या पट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. शिवाय खाण ही पहिली पायरी. अडचण आहे ती शुद्धीकरण आणि सेल बनवण्याच्या कारखान्यांची, आणि दोन्हींवर चीनची पकड आहे. चीनने डिसेंबर २०२४ पासून बॅटरी निर्यातीवरचा कर-परतावा १३ वरून ९ टक्क्यांवर आणला. तिथला एक निर्णय इथल्या निविदेचा दर हलवतो.

आपल्याकडे २०२१ मध्ये सेल-निर्मितीसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आली, उद्दिष्ट ५० गिगावॉट-तास. तिची गती फार संथ आहे. सोडियमच्या बॅटऱ्यांवर माझं लक्ष आहे. मीठ आपल्याकडे भरपूर आहे आणि चीनमध्ये हुबेई प्रांतात २०२४ मध्ये १०० मेगावॉट-तासांचा सोडियम साठा सुरूही झाला. पण लिथियम इतकं स्वस्त झाल्याने २०२५ च्या मध्यापर्यंत तरी सोडियमला भावात टिकता आलेलं नव्हतं.

१८. दर आणखी उतरणार असतील, तर महावितरणने आत्ता १२ वर्षांचे करार का करावेत? थांबू द्या की दोन वर्षं.

२०२२ मध्ये १०.८३ लाखांनी करार केला असता तर आज पस्तावलो असतो, हे बरोबर. पण थांबण्यालाही किंमत असते. दोन उन्हाळ्यांच्या संध्याकाळी ८-१० रुपयांनी वीज घ्यावी लागते आणि दुपारी सौर प्रकल्प बंद ठेवायला सांगावे लागतात. राजस्थानात २०२५ मध्ये ते घडलं. ६ रुपये ६१ पैशांना (प्र. ४) मिळणारी वीज १० रुपयांना घेतली, तर दोन तासांच्या प्रत्येक मेगावॉटमागे दिवसाला सुमारे ६,८०० रुपये जातात. वर्षातले असे शंभर दिवस धरले तरी ६.८ लाख. उरलेल्या दिवसांत फरक कमी असतो, काही दिवस तर बॅटरी तोट्याचीही ठरते, म्हणून निर्णय सोपा नाही.

त्यामुळे सगळी गरज एका निविदेत न उरकता दरवर्षी थोडी थोडी घेणं मला योग्य वाटतं. या वर्षीची संध्याकाळ आजच्या दराने भागवायची, पुढच्या वर्षीची वाढ पुढच्या दराने. आणि करारात एक कलम हवंच: संच ठरल्या तारखेला उभा राहिला नाही आणि तोवर बाजारभाव उतरला, तर जुना दर चालणार नाही.